जपानी पीच: गोडी झाडावरच ठरते

टोकियोत नुकतंच राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाने विचारलं आहे की जपानचा पीच एवढा महाग का असतो, पीचसाठी ओळखल्या जाणाऱ्या यामानाशी प्रांतात जायचं तर नेमकं कधी जावं, आणि दुकानातून आणलेली फळं दोनदा बेचव का निघाली. नाशिकच्या त्यांच्या मामांचाही एक प्रश्न आहे: आपल्याकडे हे झाड लावता येईल का? मी यामानाशीत, फुएफुकी शहराच्या इचिनोमिया भागात पीचच्या बागांमध्ये काम करते. माझं माहेर निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यातलं, त्यामुळे मामांचा प्रश्न मला जवळचा वाटतो. तरी सुरुवात बेचव फळांपासून करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही तिथेच दडलेली आहेत.

आपल्या डोक्यात फळ म्हटलं की आंबा असतो. हापूस पाडाला आला की उतरवायचा, अढीत घालायचा आणि वास सुटेपर्यंत थांबायचं. उतरवलेल्या आंब्यात भरपूर स्टार्च असतो आणि अढीत त्याची साखर होते, म्हणून झाडावर आंबट असलेला आंबा घरी गोड होतो. पीचमध्ये असा साठा जवळजवळ नसतो. पानांकडून फळात येणारी साखर देठ तुटला की थांबते. तोडल्यानंतर इथिलीन वायूमुळे गर मऊ होतो, आंबटपणा थोडा उतरतो, वास खुलतो, पण साखर वाढत नाही. तुम्ही कडक आणि फिकी फळं आणून आठवडाभर वाट पाहिली असणार. मिळाली ती मऊ आणि फिकी फळं. त्यात तुमचं काही चुकलं नाही. ती फळं झाडावरून लवकर उतरली होती किंवा सततच्या पावसात तोडलेली होती.

म्हणजे पीचची गोडी संपूर्णपणे बागेत ठरते. शेतकऱ्याचं वर्षभराचं काम त्यासाठीच चाललेलं असतं, आणि तुम्ही देता त्या पैशांतला मोठा वाटा या कामाचा असतो.

आधी जमिनीबद्दल. यामानाशी हा जपानमधला सर्वांत जास्त पीच पिकवणारा प्रांत, त्यानंतर फुकुशिमा आणि नागानो. यामानाशीतलं कोफूचं खोरं चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. पावसाचे ढग डोंगरांवर अडतात, त्यामुळे खोऱ्यात वर्षाला साधारण ११५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जो जपानच्या मानाने कमी आहे. ऊन मात्र भरपूर. १० ऑगस्ट २०१३ ला कोफूत ४०.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी दगडगोटे आणि वाळू पसरवून पंख्याच्या आकाराचे उतार तयार केले आहेत. इचिनोमियाजवळचा क्योदो नदीचा उतार तर इथल्या शाळकरी मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकात असतो. अशा जमिनीत पाणी थांबत नाही. भात लावता येत नाही म्हणून इथे पूर्वी रेशमाच्या किड्यांसाठी तुती होती. रेशमाचा धंदा बसला तशी तुतीच्या जागी पीच आणि द्राक्षं आली. पीचच्या मुळांना हवा लागते; पाणी साचलं की झाड लवकर खंगतं. ज्या जमिनीला एके काळी हलकी म्हणायचे, तीच आज सगळ्यांत मोलाची आहे.

आता वर्षभराच्या कामाकडे येते. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण ग्राहकाला दिसत नाही ते सगळं इथेच घडतं.

थंडीत छाटणी होते. झाडाला दोन मुख्य फांद्या ठेवून मध्य उघडा करतात, म्हणजे खालच्या फळफांद्यांपर्यंत ऊन पोचतं. मार्चमध्ये कळ्या फुगल्या की त्या बोटांनी काढून टाकायचं काम सुरू होतं. फांदीच्या वरच्या अंगाच्या कळ्या सगळ्या जातात, कारण तिथे धरलेलं फळ उन्हाने करपतं आणि मोठं होऊन कलंडताना देठाशी सुटतं. खालच्या आणि बाजूच्या अंगाच्या निवडक कळ्या राहतात. द्राक्षाच्या घडाची विरळणी मी लहानपणापासून पाहिली आहे, पण इथे फूल उमलण्याच्या आधीच विरळणी सुरू झालेली पाहून पहिल्यांदा थक्क झाले होते. कारण साधं आहे. उमलायला आणि फळ धरायला झाडाची जी शक्ती खर्च होते ती गेल्या वर्षी साठवलेली असते. टाकायच्या फुलावर ती खर्च होऊ द्यायची नाही.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सगळं खोरं गुलाबी होतं. पर्यटकांसाठी तो सोहळा असतो आणि आमच्यासाठी घाईचे दिवस. असामा हाकुतो आणि कावानाकाजिमा हाकुतो यांच्यासारख्या उत्तम जातींच्या फुलांत चालणारे परागकणच नसतात. मग दुसऱ्या जातीच्या फुलांचे पराग गोळा करून, लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या पिसांच्या गोंड्याने ते प्रत्येक फांदीवर फिरवतात. हाकुहो जातीला भरपूर पराग असतात, म्हणून तिला हे लागत नाही आणि तिच्या फुलांचे पराग इतरांना उपयोगी पडतात. याच दिवसांत उशिराच्या थंडीने दहिवर गोठलं तर एका रात्रीत फुलांचा गाभा काळा पडतो. त्यासाठी बागांमध्ये उंच खांबांवर पंखे असतात. ते वरची उबदार हवा खाली ढकलतात.

मे महिन्यात फळं सुपारीएवढी झाली की खरी विरळणी. हिशेब पानांचा असतो: एका फळामागे साधारण पन्नास-साठ पानं. लांब फांदीवर दोन फळं, मध्यम फांदीवर एक, आणि आखूड फांद्या असतील तर चार-पाच फांद्यांत मिळून एक. हे काम एका फेरीत उरकून चालत नाही. कोय कठीण होण्याच्या काळात झाडावरची फळं अचानक कमी केली, तर उरलेली भराभर फुगतात आणि आतली कोय फुटते. असं फळ बाहेरून सुंदर दिसतं, पण आतून गर विटलेला असतो आणि ते लवकर गळतं. म्हणून विरळणी दोन-तीन टप्प्यांत, हात आखडता ठेवून करायची. या कामाला यंत्र नाही. तिवईसारख्या तीन पायांच्या शिडीवर उभं राहून, मान वर करून, एकेका फळापाशी निर्णय घ्यायचा असतो. इथल्या सत्तरी ओलांडलेल्या बायका हे ज्या वेगाने आणि अचूकपणे करतात ते बघताना मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्यांच्या मागे हे काम कोण करणार, ही या भागातली खरी चिंता आहे.

विरळणी संपली की पुष्कळ ठिकाणी प्रत्येक फळाला कागदी पिशवी घालतात. कोकणात आंब्याला पिशव्या घालणारे बागायतदार आता आहेतच, त्यांना याचा उपयोग वेगळा सांगायला नको. कीड, पावसातून पसरणारा जिवाणूंचा रोग, सालीला जाणारे तडे, सगळ्यापासून आडोसा मिळतो. पीचमध्ये आणखी एक फायदा होतो. अंधारात वाढलेल्या सालीतला हिरवेपणा कमी होतो, आणि तोडणीच्या आठ-दहा दिवस आधी पिशवी काढली की ऊन लागून स्वच्छ गुलाबी रंग चढतो. तेव्हाच झाडाखाली चकचकीत पांढरी किंवा चंदेरी ताडपत्री अंथरतात, म्हणजे फळाच्या बुडालाही खालून प्रकाश मिळतो. यामानाशीत काही लवकरच्या जाती पिशवीशिवायही वाढवतात. त्यांची साल थोडी राकट होते, पण मला स्वतःला चवीला ती फळं आवडतात.

पश्चिम जपानमधल्या ओकायामा प्रांताची रीत याच्या उलट आहे. तिथे शिमिझु हाकुतो ही १९३२ मध्ये सापडलेली जात तोडणीपर्यंत पिशवीतच ठेवतात, त्यामुळे फळ मोतिया पांढरं राहतं. तिथल्या माणसाला पीचचा लाल रंग म्हणजे उणीव वाटते, तर यामानाशीत रंग नसला की प्रतवारीत फळ खाली जातं. जपानी पांढऱ्या पीचची आजची बहुतेक घराणी ओकायामातच १८९९ मध्ये ओकुबो जुगोरो यांनी शोधलेल्या हाकुतो या जातीपर्यंत जातात, त्यामुळे त्यांचा अभिमान समजण्यासारखा आहे. तुम्हाला लुसलुशीत आणि नाजूक सुवासाचं फळ हवं असेल तर ओकायामाचं घ्या. ठसठशीत गोडी आणि रसाळपणा हवा असेल तर आमच्याकडे या.

तोडणी पहाटे होते, फळ गार असताना. रंगावर फसायचं नाही, कारण लाली उन्हाने येते, पक्वतेने नाही. लालीच्या आडचा मूळ रंग बघायचा. देठाभोवतीचा हिरवा जाऊन तिथे दुधाळ पिवळसर छटा आली की फळ तयार असतं. ते पूर्ण तळहातात धरून सरळ ओढून घ्यायचं. बोटाच्या टोकाचा दाब पडला तर लगेच काही दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग उमटतो. एकाच झाडावरची फळं एकदम तोडत नाहीत. वरच्या आणि बाहेरच्या अंगाची आधी, आतली नंतर, असं आठवडाभर तेच झाड फिरून फिरून तोडतात. ही चिकाटी सोडून सगळं झाड एकदम उतरवलं की तुम्हाला मिळाली तशी फिकी फळं पेटीत जातात.

तिथून माल सहकारी संस्थेच्या प्रतवारी केंद्रात जातो. पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फळावर प्रकाश टाकून, न कापता, साखर मोजली जाते. ही पद्धत पीचसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस यामानाशीतूनच सुरू झाली. साखर ब्रिक्समध्ये, म्हणजे ढोबळपणे रसातल्या साखरेच्या टक्केवारीत, सांगतात. ११-१२ ब्रिक्सचा पीच चांगला लागतो, १३ च्या वरचा लक्षात राहतो. सोबत वजन, आकार, रंग आणि डाग बघून दर्जा ठरतो. पाच किलोच्या पेटीत सोळा फळं बसली तर एकेक फळ तीनशे ग्रॅमच्या वर असतं. उन्हाळ्यात जपानी लोक वडीलधाऱ्यांना, वरिष्ठांना, ऋणानुबंध असलेल्यांना ओचुगेन नावाची भेट पाठवतात. त्या भेटीच्या पेटीत एकसारखी, निर्दोष फळंच लागतात, आणि टोकियोच्या मोठ्या दुकानांत एका फळाला हजार येनच्या वर पडतात ती ही फळं. त्या किमतीतला निदान काही भाग फक्त दिसण्याचा आहे, हे मी स्पष्ट सांगते. देठाशी छोटा डाग असलेलं, थोडं वाकडं फळ तितकंच गोड असू शकतं. घरच्यांसाठी घेताना तेच घ्या. आमच्याकडे रस्त्याकाठच्या बागायतदारांच्या टपऱ्यांवर ते खूप स्वस्त मिळतं.

तर कधी यायचं? उघड्यावरच्या बागांचा हंगाम जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालतो, पण सगळे आठवडे सारखे नसतात. आधी हिकावा हाकुहो येतो, साधारण जूनअखेर. तो रसाळ असतो, पण तेव्हा पावसाळा चालू असतो आणि पावसाच्या पाण्याने गोडी पातळ होते. जुलैच्या पूर्वार्धात हाकुहो, मध्याला असामा हाकुतो, आणि जुलैअखेरीपासून कावानाकाजिमा हाकुतो. इथला पावसाळा बहुधा जुलैच्या मध्याला किंवा तिसऱ्या आठवड्यात सरतो. माझा सल्ला विचाराल तर पाऊस सरून चार-पाच कोरडे दिवस गेले की निघा, आणि असामा हाकुतो कुठे आहे ते विचारा. ही जात इचिनोमियातच सापडलेली आहे आणि इथल्या मातीत ती जशी पिकते तशी मी अन्यत्र खाल्लेली नाही. हल्ली उष्णतेमुळे तारखा लवकर येतात, म्हणून महिनाभर आधी दिवस पक्का करण्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी बागेत फोन करा.

शिंजुकुहून काइजी एक्स्प्रेसने इसावा-ओन्सेन स्थानक दीड तासाच्या आसपास आहे. स्वतः तोडून खायच्या बागा आहेत, तिथे ठरावीक वेळेत हवं तितकं खाता येतं. लहान मुलांना तो आनंद जरूर द्या. पण सकाळी लवकर जा. दुपारच्या उन्हात फळ गरम झालेलं असतं आणि खोऱ्यातला उकाडा मुलांना झेपत नाही. एक विनंती आहे. बाहेरच्या रस्त्याकडेच्या बागेत कुंपण नसलं तरी आत पाऊल टाकू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. हंगामात इथे रात्री फळं चोरीला जातात, त्यामुळे शेतकरी गस्त घालतात आणि अनोळखी माणूस बागेत दिसला की सगळ्यांचा जीव वर-खाली होतो. जुलै हुकला तर वाईट वाटून घेऊ नका. ऑगस्टमध्ये उत्तरेला फुकुशिमाला जा. तिथला आकात्सुकी जातीचा पीच घट्ट गराचा आणि खणखणीत गोड असतो.

आता खाण्याचं. फळ आणलं की फ्रिजमध्ये टाकू नका. पीचला सगळ्यांत जास्त त्रास घरच्या फ्रिजमधल्याच थंडीने होतो, म्हणजे २ ते ८ अंशांच्या पट्ट्यात. बरेच दिवस तिथे राहिलेल्या फळाचा गर पिठूळ आणि कोरडा होतो, वास मरतो, आणि बाहेर काढून ठेवलं तरी तो परत येत नाही. वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून, एकमेकांवर न रचता, एसीच्या झोतापासून लांब, खोलीत ठेवा. वास दरवळायला लागला आणि देठाजवळचा भाग किंचित नमला की वेळ झाली. खायच्या तास-दीड तास आधी थंड करा, त्याहून जास्त नको, कारण फार गार फळाची चव जिभेला लागतच नाही.

कापताना उभ्या फोडी करा. पीचच्या देठाकडच्या भागापेक्षा टोकाकडे गोडी जास्त असते. आडवं कापलं तर एकाच्या वाट्याला गोड भाग आणि दुसऱ्याच्या वाट्याला फिका येतो. बहुतेक पांढऱ्या पीचचा गर कोयीला चिकटलेला असतो, म्हणून पिळून दोन भाग करायच्या फंदात न पडता सुरी कोयीपर्यंत नेऊन फोड सोडवा. साल पिकलेल्या फळाची हाताने निघते. नाही निघाली तर उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाचे दोन थेंब पुरतात, पण खरं तर कापल्या कापल्या संपवाव्यात. लव नीट धुवा. काहींना तिने ओठ खाजतात. बर्चसारख्या झाडांच्या परागांची अॅलर्जी असलेल्यांच्या घशाला पीचने खाज येऊ शकते, त्यांनी जपून खावं.

आणखी एक इथली गोष्ट. यामानाशीतली माणसं पीच कडक असतानाच, धुऊन, सालीसकट, कराकरा चावून खातात. टोकियोच्या पाहुण्यांना हे पटत नाही. पण आधी सांगितलं ते आठवा: साखर तर झाडावरच पूर्ण झालेली असते. नीट पिकू दिलेल्या झाडावरचं फळ कडक असतानाही गोड लागतं. बागेत आलात तर एक फळ असं खा आणि त्याच झाडाचं दुसरं घरी नेऊन तीन दिवसांनी मऊ झाल्यावर खा. उरलेल्या मऊ फळांचा मुरांबा किंवा दह्यातली कोशिंबीर छान होते. मिरपूड घाला, साखर अजिबात नको.

राहिले मामा. हे झाड थंडीचे तास मोजतं. ७ अंशांच्या खाली ठरावीक तास गेल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत, आणि इथल्या जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. नाशिकला थंडीची लाट आली तरी ती काही रात्रींची, आणि दिवसा ऊन चटकतं. त्यामुळे असामा किंवा हाकुहोचं कलम तिथे जगेल कदाचित, पण फुलेल अर्धवट आणि फळेल त्याहून कमी. शिवाय जपानने २०२१ पासून नोंदणीकृत जातींची रोपं आणि काड्या परदेशी नेण्यावर निर्बंध आणले आहेत, आणि भारतातही परवाना व वनस्पती आरोग्याचा दाखला यांशिवाय रोपं किंवा ताजी फळं आणता येत नाहीत. तेव्हा बॅगेत काडी घालून नेण्याचा विचार मनातही नको.

हौसेपुरती दोन झाडं लावायची असतील तर कमी थंडीवर येणाऱ्या जाती बघाव्या. फ्लोरिडा प्रिन्सला दीडशे तासांच्या आसपास थंडी पुरते, आणि पंजाबात शान-ए-पंजाब चालते. दोन्हींचा गर पिवळा, चव आंबट-गोड; जपानी पांढऱ्या पीचची अपेक्षा ठेवू नये. नाशिकच्या हवेत त्या दरवर्षी भरभरून फळतील असं मी म्हणणार नाही, म्हणून द्राक्षाची बाग काढून त्या जागी लावायचा सल्ला तर मुळीच देणार नाही. भारतात पीचची मळलेली वाट हिमाचलमध्ये आहे, सिरमौर जिल्ह्यातलं राजगढ त्यासाठी ओळखलं जातं. मामांनी एकदा फळं धरायच्या दिवसांत तिथे जाऊन यावं आणि झाडावर किती फळं ठेवतात ते मोजावं. आणि दोन झाडं लावलीच, तर निचऱ्याची उंच जागा निवडावी. तिसऱ्या वर्षी पहिली फळं धरली की पन्नास पानांमागे एक ठेवून बाकीची काढावीत. हात धजणार नाही, तेव्हा एका फांदीवर सगळी फळं राहू द्यावीत आणि शेजारच्या फांदीवर विरळणी करावी. दोन्हींची फळं तोडणीला आली की एकेक कापून घरातल्या सगळ्यांना चाखायला द्यावी.